उपसा योजनेच्या रेडिओ जाळ्यातला उशीर: कृष्णाकाठचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या दोन्ही काठांना सहकारी पाणीपुरवठा संस्था गावोगाव आहेत. नदीवर जॅकवेल (पाणी उपसण्याची विहीर), तिथून चढाने जाणारी पाईपलाईन, वाटेत संप (पाणी साठवायची टाकी) आणि दुसऱ्या टप्प्याचे पंप, शेवटी माळावर डिलिव्हरी चेंबर. चेंबरातून पाणी उताराने पाळीपाळीने सुटते आणि ऊस, द्राक्ष, हळद सगळे त्या पाळीवर उभे असते. हे प्रकरण पलूस-वाळवा पट्ट्यातल्या अशाच एका दोन टप्प्यांच्या योजनेचे आहे. संस्थेचे, गावाचे आणि माणसांचे नाव गाळले आहे. हिशेब कळावा म्हणून मांडणी थोडी सुटसुटीत केली आहे.

योजनेवर सात ठिकाणे जोडलेली होती: नदीकाठचे पंपघर, संपाशेजारचे दुसरे पंपघर, माळावरचे चेंबर आणि वाटपाचे चार व्हॉल्व्ह. मुख्य संगणक गावात, संस्थेच्या कार्यालयात. सगळे निरोप रेडिओने जात. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झचा पट्टा भारतात परवान्याशिवाय वापरता येतो. प्रक्षेपकाची ताकद १ वॅट आणि अँटेना धरून प्रभावी ताकद ४ वॅट एवढी मर्यादा पाळावी लागते. संस्थेचे रेडिओ मोडेम हवेत सेकंदाला ९,६०० बिट पाठवत. कार्यालयातून सगळी ठिकाणे सरळ दिसत नाहीत, म्हणून टेकडीवर एक रिपीटर बसवलेला होता. कार्यालयातला प्रश्न आधी रिपीटरवर, तिथून ठिकाणावर, आणि उत्तर त्याच वाटेने परत. म्हणजे एका विचारणेला हवेतल्या चार खेपा.

बोलण्याची पद्धत मॉडबस. १९७९ मध्ये मॉडिकॉन कंपनीने ती आणली आणि कारखान्यांत, पंपघरांत ती आजही सर्रास चालते. मास्टर (इथे कार्यालयातला संगणक) विचारतो, ज्याला विचारले तोच उत्तर देतो, बाकीचे गप्प. प्रश्न ८ बाइटचा, आणि दहा रजिस्टर (आकडे ठेवायचे खण) मागितली तर उत्तर २५ बाइटचे. प्रत्येक निरोपाच्या शेवटी २ बाइटची सीआरसी, म्हणजे तपासणीचा आकडा, असते. तिच्यामुळे निरोप बिघडला आहे एवढे कळते, दुरुस्त मात्र करता येत नाही. बिघडलेला निरोप फेकायचा आणि पुन्हा विचारायचे, हीच मॉडबसची दुरुस्ती.

अडचण

तक्रार आली ती चेंबराशेजारच्या द्राक्षबागेतून. व्हॉल्व्ह बंद असताना चेंबर भरले की दुसऱ्या टप्प्याचा पंप आपोआप थांबायला हवा. बहुतेक वेळा तो थांबे. कधीकधी मात्र चेंबर वरून वाहून जाई आणि पाणी बागेत शिरे. छाटणीनंतरच्या दिवसांत बागेत नको तेव्हा पाणी साचले तर त्याची किंमत काय, हे द्राक्षवाल्यांना सांगावे लागत नाही. प्रकरण संस्थेच्या सभेपर्यंत गेले आणि तपासणी माझ्याकडे व माझ्या सहकाऱ्याकडे आली.

आधी काम केलेल्या यंत्रणा पुरवठादाराने त्यावर एक उपाय करून ठेवला होता. निरोप बिघडतात हे त्याला दिसले होते, म्हणून त्याने मोडेममधली चूक-दुरुस्ती, म्हणजे एफईसी, सगळ्यात जोरदार पायरीवर नेली आणि सोबत इंटरलीव्हिंग चालू केले. एफईसीत मूळ माहितीबरोबर जादा बिट जातात आणि त्यांच्या आधारे पलीकडचा मोडेम बिघडलेले बिट पुन्हा न विचारता सुधारतो. इंटरलीव्हिंगमध्ये शेजारचे बिट लांबलांब विखरून पाठवतात. मग आवाजाचा एखादा झटका आला तरी एका जागचे सगळे बिट जात नाहीत. थोडेथोडे अनेक जागचे जातात आणि एफईसीला ते पेलतात. चुका दिसल्यावर हा विचार सुचणे स्वाभाविक आहे, आणि तो चुकीच्या हेतूने केलेला नव्हता.

वाहणे त्याने थांबले नाही, उलट वाढले. संस्थेचा जुना ऑपरेटर, गावात ज्यांना सगळे तात्या म्हणतात, त्यांनी पहिल्याच भेटीत नेमके सांगितले: "साहेब, पंप बंद असला की स्क्रीन कसा टकाटक चालतोय बघा. पंप चालू झाला की झोपतोय. मी चेंबरवर उभा हाय, वरनं पाणी वाहतंय, आणि फोनवर सेक्रेटरी म्हणतात अजून अर्धा फूट खाली हाय." पुढच्या सगळ्या कामाला दिशा या वाक्याने मिळाली.

हिशेब

आधी चेंबरचा. चेंबरची आतली लांबी-रुंदी ६ बाय ४ मीटर, म्हणजे २४ चौरस मीटर. पंप थांबवायची पातळी आणि चेंबरचा काठ यांत १५ सेंटिमीटर अंतर. त्यात ३,६०० लिटर मावतात. पंप सेकंदाला १५० लिटर टाकतो. म्हणजे पातळी गाठल्यापासून पंप थांबेपर्यंत यंत्रणेच्या हातात २४ सेकंद. यापेक्षा उशीर झाला की पाणी बाहेर.

आता निरोपाचा. इंटरलीव्हिंगसाठी या मोडेमने २४० बाइटचा ठरीव ठोकळा धरला होता. निरोप ८ बाइटचा असो की २५ चा, उरलेली जागा रिकामे बाइट भरून ठोकळा पुरा करायचा. फडातून ट्रॉली भरल्याशिवाय हलू नये आणि दोनच मोळ्या न्यायच्या असतील तर बाकीची पाचटाने भरावी, तसा हा व्यवहार. २४० बाइट म्हणजे १,९२० बिट. ९,६०० च्या वेगाने ०.२ सेकंद. एफईसीने प्रत्येक बिटामागे एक जादा बिट लावल्यावर ०.४ सेकंद. चार खेपा म्हणजे १.६ सेकंद. सात ठिकाणांची एक फेरी ११ सेकंदांच्या वर. हे सगळे सुरळीत असताना.

उत्तर यायलाच एवढा वेळ लागतो म्हटल्यावर मास्टरचा टाइमआउटही, म्हणजे उत्तराची वाट पाहण्याची मुदतही, वाढवावी लागली होती. ती ३ सेकंदांवर ठेवली होती आणि प्रत्येक ठिकाणाला तीन वेळा विचारायचे होते. एखादे ठिकाण गप्प राहिले की ९ सेकंद तिथेच जातात, आणि मॉडबसमध्ये तोवर बाकीचे सहा जण ताटकळतात. दोन ठिकाणे एकदम गप्प झाली तर १८ सेकंद ती दोन आणि ८ सेकंद उरलेली पाच: २६ सेकंदांची फेरी. त्यावर पंप थांबवण्याचा हुकूम फेरी संपल्यावरच निघे, तोही याच वाटेने. अर्धे मिनिट सहज ओलांडे. चांगल्या फेरीत पाणी न वाहणे आणि वाईट फेरीत वाहणे, दोन्हींचा उलगडा २४ सेकंदांच्या त्या एका आकड्याने होतो.

दुसरा धोका कोणाच्या लक्षातही आलेला नव्हता. संपात वापरता येण्याजोगे पाणी सुमारे ५,००० लिटर. नदीकाठच्या पंपघराचा फीडर वेगळा. तिथली एखादी फेज गेली आणि पहिला टप्पा बंद पडला, तर दुसरा टप्पा संप ३३ सेकंदांत रिकामा करतो आणि मग पंप हवा ओढतो. त्यापेक्षा बातमी लवकर पोचलीच पाहिजे, आणि नेमकी तिचीच खात्री नव्हती. बागेतले पाणी सगळ्यांना दिसत होते. पंप कोरडा चालणे कोणाला दिसत नव्हते, आणि माझ्या मते जास्त गंभीर तेच होते.

चुका होत कुठे होत्या

इथे पहिला खरा निर्णय घ्यायचा होता: सेटिंग लगेच बदलायची की आधी मोजायचे. चेअरमन आणि संचालकांना लगेच काहीतरी व्हावे असे वाटत होते, कारण बागवाला रोज विचारत होता. आम्ही मोजणी आधी करायची ठरवली, पण मध्यंतरी पाणी वाहू नये म्हणून पंप थांबवायची पातळी १५ सेंटिमीटर खाली घेतली. तात्पुरता उपाय म्हणून तो ठीक होता.

मोजणी साधी होती. दुसऱ्या पंपघरात मोडेमच्या दोन्ही बाजूंना लॅपटॉप लावले: एक केबलवरचे बाइट नोंदवणारा, दुसरा रेडिओतून आलेले. एवढी एकच अट घातली की मोजणी पंप चालू असताना करायची. आधीच्या सगळ्या चाचण्या पंप बंद ठेवून झाल्या होत्या, कारण चालू पंपाच्या गोंगाटात पॅनेलजवळ बसायला कोणाला आवडत नाही. तात्यांचे वाक्य डोक्यात नसते तर आम्हीही कदाचित तसेच केले असते.

निकाल स्वच्छ आला. रेडिओचा दुवा बहुतेक वेळा उत्तम होता. बिघाड त्याच्याही आधी होता. पातळी मोजणारे यंत्र आणि मोडेम यांच्यामधली आरएस-४८५ (निरोप नेणारी) केबल आणि व्हीएफडीपासून (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रापासून) मोटरकडे जाणारी पॉवर केबल एकाच चरातून नेलेल्या होत्या. व्हीएफडी मोटरला साधी साइन लाट देत नाही, तो वीज फार जलद चालू-बंद करत राहतो, आणि त्या प्रत्येक कडेचा धक्का शेजारच्या तारेत उतरतो. केबलच्या टोकाला १२० ओहमचे टर्मिनेशन (सिग्नल टोकावरून परत उसळू नये म्हणून लावायचा रोध) नव्हते आणि शील्ड (केबलवरचे धातूचे आवरण) दोन्ही टोकांना अर्थिंगला जोडलेली होती, त्यामुळे शील्डमधूनच प्रवाह वाहत होता. पंप चालू असेपर्यंत या केबलवरचे निरोप वारंवार मोडत होते. नदीकाठच्या पंपघरात सॉफ्ट स्टार्टर (मोटर हळूहळू चालू करणारे यंत्र) होता. तिथे हाच त्रास फक्त पंप चढताना होई.

या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा मुद्दा इथे आहे. केबलवर मोडलेला निरोप मोडेमच्या हातात पडतो तेव्हा मोडेमला तो मोडलेला आहे हे माहीत नसते. तो त्या मोडक्या बाइटांवर इमानेइतबारे एफईसी चढवतो, ठोकळा पुरा करतो, दोन खेपांत ०.८ सेकंद खर्च करून कार्यालयात अचूक पोचवतो. आणि तिथे सीआरसी तपासून मास्टर तो फेकून देतो. एफईसी कितीही वाढवली तरी तिच्या आधी झालेली चूक तिला दुरुस्त करता येत नाही. वाढतो तो फक्त उशीर.

समोर असलेले पर्याय

संचालकांना सगळ्यात पटलेला पर्याय होता रेडिओ काढून मोबाइलचे सिम घालण्याचा. त्याला तांत्रिक आधार होता. एलटीईत, म्हणजे ४जी मोबाइल जाळ्यात, एफईसी आणि पुन्हा मागणे यांची सांगड घातलेली असते: फोन आणि टॉवर यांच्यात खेप बिघडली तर साधारण ८ मिलिसेकंदांत ती पुन्हा जाते, आणि आधीची बिघडलेली खेप टाकून न देता नवीच्या जोडीला वापरली जाते. उशीर कमी ठेवून दुरुस्ती कशी करावी याचा तो उत्तम नमुना आहे. पण वीज गेली की गावाकडचा टॉवर किती वेळ तग धरेल हे संस्थेच्या हातात नाही, आणि पंपांच्या दृष्टीने नाजूक वेळ वीज जाण्या-येण्याचीच. शिवाय ऑगस्ट २०१९ चा पूर सगळ्यांना आठवत होता. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी ती ५७ फुटांच्या वर गेली. काठच्या कित्येक गावांत वीज आणि मोबाइल दोन्ही बंद होते. मोबाइल जोड म्हणून हवा, एकमेव आधार म्हणून नको, असे आम्ही सुचवले.

पाईपलाईनबरोबर फायबर टाकण्याचाही विचार झाला. उशिराचा प्रश्नच उरला नसता. पण लाईन लोकांच्या रानांतून जाते. नांगर, जेसीबी, दरवर्षीची ऊसतोड, आणि तुटली की जोडायला माणूस शहरातून यायचा. हा पर्याय लवकर मागे पडला.

थांबवायची पातळी कायमची खाली ठेवा, बाकी काही करू नका, असे चेअरमनांचे म्हणणे होते. फुकटात होणारे काम, त्यामुळे ते गांभीर्याने तपासले. चेंबर १५ सेंटिमीटर कमी भरले की शेवटच्या चारीवरच्या सपाट रानांना पाण्याचा दाब कमी पडतो, आणि टोकाचे सभासद तसेही पाण्यासाठी भांडून दमलेले असतात. आणि संपाच्या ३३ सेकंदांना या उपायाने काहीच फरक पडत नव्हता. चेअरमनांनी ते ऐकून घेतले आणि स्वतःच हा आग्रह सोडला.

राहिला मूळ प्रश्न: रेडिओवरच्या एफईसीचे काय करायचे. माझा सहकारी म्हणत होता, पूर्ण बंद करा. दुवा चांगला आहे, बिघडले तर पुन्हा विचारू. मला ते पटत नव्हते. हा वाद थोडा सविस्तर सांगण्यासारखा आहे.

पुन्हा विचारायचे की जादा बिट आधीच पाठवायचे, हे दोन वेळांवर ठरते: निरोप जाऊन येण्याला लागणारा वेळ, आणि ठोकळा भरायला लागणारा वेळ. व्हॉयेजर १ यानापर्यंत रेडिओ संदेश एका दिशेनेच २२ तासांहून अधिक काळ प्रवास करतो. तिथे पुन्हा विचारणे व्यवहार्य नाही. १९६० मध्ये रीड आणि सॉलोमन यांनी मांडलेल्या पद्धतीसारखी भक्कम एफईसीच लागते. दुसरे टोक डेटा सेंटरचे. तिथल्या २५ गिगाबिटच्या ईथरनेट जोडणीत रीड-सॉलोमनचाच ५,२८० बिटांचा ठोकळा वापरतात, आणि तो तारेवरून जायला सुमारे २०५ नॅनोसेकंद लागतात. कोणाला तो उशीर जाणवतही नाही. तोच ठोकळा आमच्या ९,६०० च्या रेडिओवर ठेवला तर ०.५५ सेकंद. पद्धत तीच, ठोकळाही तोच. वेग बदलला की ती जवळजवळ फुकट ते न परवडणारी असा प्रवास करते. एफईसी पुन्हा विचारत नाही म्हणून ती जलद, असे आपण धरून चालतो. मंद रेडिओवर ती पुन्हा विचारत नसली तरी ठोकळा पुरा व्हायची वाट पाहते, आणि ती वाट प्रत्येक निरोपाला पाहावी लागते. बिघडलेल्यालाही आणि धडधाकटालाही. पुन्हा विचारण्याचा खर्च फक्त बिघडलेल्या निरोपाला पडतो.

या हिशेबाने सहकाऱ्याचे म्हणणे बरोबर होते. माझी अडचण वेगळी होती. पावसाळ्यात ऊस डोक्याच्या वर जातो आणि पाने ओली असतात. साडेतीन किलोमीटरच्या दुव्याला या फ्रिक्वेन्सीवर मध्यावर सुमारे १७ मीटर त्रिज्येचा मोकळा पट्टा लागतो, आणि त्यात शिरलेला ओला ऊस सिग्नल खातो. तेव्हा एखाद-दुसरा बाइट जायला लागेल, आणि दर वेळी पुन्हा विचारत बसलो तर फेरी परत लांबेल. मधला मार्ग मोडेममध्येच होता: ठोकळा ठरीव न ठेवता निरोपाएवढाच ठेवायचा, आणि त्यावर रीड-सॉलोमनचे फक्त ८ जादा बाइट. एवढ्यात ४ बिघडलेले बाइट सुधारतात. २५ बाइटचे उत्तर ३३ बाइटचे होते आणि हवेत २७.५ मिलिसेकंद घेते. लांब झटक्यापुढे हे टिकणार नाही, पण लांब झटके हवेत नव्हतेच, केबलवर होते. आम्ही यावर एकमत केले.

केलेली कामे

क्रम मुद्दाम असा ठेवला की नेटवर्क बिनसले तरी पंप सुरक्षित राहावा.

पहिल्यांदा संपात खालच्या पातळीचा इलेक्ट्रोड बसवून त्याची तार थेट व्हीएफडीच्या स्टॉप इनपुटला दिली. संप रिकामा होऊ लागला की पंप जागेवरच थांबतो. रेडिओ, संगणक, मॉडबस कशाचाच संबंध नाही. ३३ सेकंदांचा धोका त्या एका तारेने संपला. ज्याची मुदत इतकी कडक आहे आणि जे यंत्राच्या हाताच्या अंतरावर आहे, ते नेटवर्कवर सोपवण्याचे कारणच नव्हते.

मग केबल. वेगळ्या पाईपमधून पिळाची शील्ड केबल, दोन्ही टोकांना १२० ओहम, शील्ड फक्त पॅनेलच्या बाजूला अर्थिंगला जोडलेली. शिवाय दोन्ही पंपघरांत एक छोटा पीएलसी (यंत्रे सांभाळणारा नियंत्रक संगणक) बसवला, जो जागच्या जागी यंत्रांना विचारत राहतो. केबलवर ८ बाइटचा प्रश्न ९ मिलिसेकंदांत जातो आणि २५ बाइटचे उत्तर २९ मिलिसेकंदांत येते. एखादा निरोप मोडला तरी पीएलसी पापणी लवायच्या आत पुन्हा विचारतो. रेडिओवरून येणाऱ्या प्रश्नाला तयार, तपासलेला आकडा मिळतो. चूक जिथे होते तिथेच ती निस्तरली, की तिच्यासाठी टेकडीवरून दोनदा फेरा पडत नाही.

त्यानंतर मोडेमची सेटिंग वर सांगितल्याप्रमाणे बदलली आणि टाइमआउट ३ सेकंदांवरून ६०० मिलिसेकंदांवर आणला. ही दोन कामे जोडीनेच करावी लागतात. ठोकळा लहान केला आणि टाइमआउट तसाच राहिला, तर चांगल्या दिवशी फरक दिसतो आणि वाईट दिवशी नाही. वाईट दिवसासाठीच तर हा खटाटोप.

पोलिंगमध्येही, म्हणजे कोणाला किती वेळा विचारायचे त्यातही, बदल केला. चारही व्हॉल्व्हना एका फेरीत एकदाच विचारायचे, गप्प राहिले तर पुढच्या फेरीत. दोन्ही पंपघरे आणि चेंबर यांना तीनदा. पंप थांबवायचा हुकूम फेरी संपायची वाट न पाहता, चालू विचारणा संपताच निघतो, आणि उत्तराची वाट न पाहता थोड्या थोड्या अंतराने तीन वेळा जातो. एकच गोष्ट तीनदा सांगणे ही चूक-दुरुस्तीची सगळ्यात जुनी तऱ्हा. ८ बाइटच्या हुकुमाला ती परवडते, आणि मधले अंतर ठेवल्यामुळे एकाच झटक्यात तिन्ही जात नाहीत. अट एवढीच की हुकूम "बंद" असा ठाम असावा, "आहे त्याच्या उलट कर" असा नसावा; नाहीतर दुसऱ्या खेपेला पंप परत चालू होईल. चालू करण्याचा हुकूम मात्र एकदाच जातो आणि खात्री झाल्याशिवाय पुढे काही होत नाही.

शेवटचे काम स्क्रीनवरचे. जुन्या स्क्रीनवर शेवटचा मिळालेला आकडा तसाच राहत असे, तो किती जुना हे दिसत नसे. सेक्रेटरी फोनवर "अर्धा फूट खाली" म्हणत होते ते त्यामुळे. आता प्रत्येक आकड्याशेजारी त्याचे वय दिसते, आणि चेंबरचा आकडा १० सेकंदांहून जुना झाला की यंत्रणा तो अज्ञात धरते आणि पंप थांबवते. यावर संचालकांत बरीच चर्चा झाली. उगाच पंप थांबला तर पाळी बुडते, हा आक्षेप रास्त होता. पण पाळी पुन्हा देता येते; बागेत शिरलेले पाणी परत घेता येत नाही. हा निर्णय आम्ही सुचवला, घेतला सभेने.

परिणाम

एका विचारणेला आता पाव सेकंदही लागत नाही, सातांची फेरी दोन सेकंदांच्या आत होते. दोन्ही पंपघरे एकाच वेळी गप्प झाली असे धरले तरी त्यांचे ३.६ सेकंद आणि बाकीच्यांचे सव्वा सेकंद मिळून फेरी पाच सेकंदांच्या आत राहते. पाच सेकंदांत चेंबरात ७५० लिटर येतात, म्हणजे पातळी ३ सेंटिमीटर चढते. थांबवायची पातळी त्यामुळे पुन्हा मूळ जागी नेता आली आणि टोकाच्या चारीला तिचा दाब परत मिळाला. काम झाल्यापासून चेंबर वाहिलेले नाही.

पावसाळ्यात अपेक्षेप्रमाणे एका व्हॉल्व्हचा दुवा कमजोर झाला. ८ जादा बाइटांनी बरेच सावरले, तरी काही निरोप जात राहिले. व्हॉल्व्हला एकदाच विचारायचे ठरलेले असल्यामुळे बाकीच्यांना त्याचा त्रास झाला नाही. पाऊस उघडल्यावर तिथला अँटेनाचा खांब उंच केला.

दोनदा पंप विनाकारण थांबला. दोन्ही वेळा टेकडीवरच्या रिपीटरची बॅटरी उतरली होती आणि चेंबरचा आकडा जुना झाला होता. तात्यांनी त्याबद्दल तक्रार केली नाही. म्हणाले, "थांबला ते बरं झालं, कळलं तरी."

वेगळे काय करता आले असते

मुळात केबल टाकतानाच दोन चर काढले असते तर या प्रकरणातला मोठा भाग घडलाच नसता. पॉवर केबल आणि सिग्नल केबल वेगळ्या न्यायच्या, हे कोणत्याही वायरमनला माहीत असते. पण चर खोदणारा एक, केबल टाकणारा दुसरा आणि मोडेम लावणारा तिसरा असला की ते कोणाचेच काम राहत नाही. संस्थांनी काम देताना ही अट करारात लिहून घ्यावी.

इलेक्ट्रोडची तार मोजणीच्याही आधी जोडता आली असती. तिला कोणताही शोध लागत नव्हता, फक्त संपातल्या पाण्याला पंपाच्या वेगाने भागाकार करायचा होता. तक्रार चेंबरची होती म्हणून सगळ्यांचे लक्ष चेंबरवर राहिले. अशा योजनेत गेल्याबरोबर प्रत्येक टाकीचा "किती सेकंदांत भरते, किती सेकंदांत रिकामी होते" हा तक्ता आधी करावा आणि मगच नेटवर्ककडे पाहावे, असे मला आता वाटते. उशीर जास्त की कमी हे मिलिसेकंदांवरून ठरत नाही, त्या तक्त्यावरून ठरते.

पीएलसी न बसवता नुसती केबल सुधारून भागले असते का, हा प्रश्न सहकारी अजून विचारतो. कदाचित भागले असते, आणि खर्च वाचला असता. पण उंदीर केबल कुरतडतात, शील्ड सुटते, नवीन मोटर येते. केबल कायम आजच्यासारखी राहील असे धरून चालणे मला धोक्याचे वाटले.

रिपीटर अजून एकच आहे. दुसरा बसवायचा तर पहिला गेला हे ठरवायला किती वेळ थांबायचे, आणि तेवढ्या वेळात चेंबर किती चढेल, हा हिशेब पुन्हा करावा लागेल. तूर्त त्याला दुसरी बॅटरी आणि मोठे सौर पॅनेल दिले आहे, आणि बॅटरीचा व्होल्टेज आठवा आकडा म्हणून स्क्रीनवर आणला आहे.